दिवेलागणीआधीचे विरजण

सकाळी प्रभाकर टिपणिसांनी कुंड्यावरचे ताट बाजूला केले, तेव्हा आत दही नव्हते, दूध होते. रात्रभर उबेत राहूनही ते पातळच राहिले होते. कुंडा कलता केला की एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे निमूट वाहत होते. त्यांनी चमचाभर चाखून पाहिले. आंबटपणाचा मागमूस नव्हता.

विरजण लागले नाही, ही कोणत्याही घरात घडणारी गोष्ट. शेजारून वाटीभर आणले की ती संपते. परंतु या कुंड्यातले विरजण असे कोणाकडून आणता येण्याजोगे नव्हते. मंदाकिनीबाईंनी ते लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणाहून परतताना कल्याणहून, आपल्या आईच्या स्वयंपाकघरातून, कडीच्या डब्यात घालून ठाण्याला आणले होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की त्या दूध विरजायला बसत. आदल्या दिवसाच्या दह्यातला एक चमचा नव्या दुधात जाई, आणि त्या दह्यातला चमचा पुढच्या दुधात. बाहेरगावी जाताना त्या लहान डब्यात विरजण बरोबर घेत, आणि प्रभाकर थट्टा करीत, "लेकुरवाळी बाई आहे, जरा वाट द्या." मूलबाळ झाले नव्हते, ही थट्टा दोघांनाही बोचत असे आणि दोघेही ती चालू ठेवीत.

गेल्या मार्गशीर्षात मंदाकिनीबाई गेल्या. मानेवर गळू झाले, त्यातून ताप भरला. पेनिसिलिनची इंजेक्शने सुरू झाली तसा ताप उतरला, घरात पुन्हा बोलणे सुरू झाले. आणि मग तो परत चढला. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. शेवटी ते पडवीत येऊन म्हणाले, "औषध बरोबर आहे, टिपणीस. जंतूच आता त्याला जुमानत नाहीत."

सुतकात शेजारच्या वासंतीबाई गुप्ते स्वयंपाकघर आवरायला आल्या. कुंडा पाहून त्या दारातच थांबल्या.

"भाऊजी, हे दही ठेवू नये आता. टाकून द्या. नंतर हलवायाकडून वाटीभर आणून नवं लावू."

"असू द्या," प्रभाकर म्हणाले.

"अहो, सुतकातलं आहे."

"असू द्या, वहिनी."

त्या संध्याकाळी त्यांनी आयुष्यात प्रथमच दूध विरजले. त्यांना स्वतःला दही फारसे आवडत नसे. आंबट खाल्ले की खोकला येई. तरीही ते रोज विरजू लागले. एक चमचा खायचा, एक पुढच्यासाठी ठेवायचा, उरलेल्याचे ताक करून कामवालीला द्यायचे. सूत रंगवण्याच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. घरात घड्याळ चाले, वर्तमानपत्र येई. पण ठरल्या वेळी कोणाला तरी आपली गरज आहे, असे त्या घरात एका कुंड्यापुरतेच उरले होते.

म्हणून त्या सकाळी ते बराच वेळ दुधाकडे पाहत बसले.

प्रभाकर मुंबईच्या तंत्रशाळेत शिकलेले. एखाद्या घाण्याचा रंग बिघडला तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती. पण ती सुताच्या लडींसाठी होती. या वेळी ते घाबरून गेले होते. न लागलेल्या दुधातलेच थोडे घेऊन त्यांनी नव्या दुधात घातले आणि कुंडा चुलीजवळ उबेला ठेवला. दुसऱ्या दिवशी दूध तसेच पातळ, वर मात्र बारीक बुडबुडे आले होते आणि शिळ्या पाण्यासारखा दर्प येत होता. बाहेरचा कसला तरी जंतू शिरला, असा त्यांनी निष्कर्ष काढला. निष्कर्ष निघाल्यावर उपाय ठरलेला होता. त्यांनी कुंडा धुण्याच्या सोड्यात उकळला, चमचा उकळला, झाकायचे ताट उकळले आणि सगळे उन्हात पालथे घातले.

उन्हात तो मातीचा कुंडा पांढुरका, कोरा दिसू लागला, तेव्हा त्यांना आठवले. मंदाकिनीबाईंनी त्याला कधी सोडा लावू दिला नव्हता. कामवालीलाही हात लावू देत नसत, स्वतः कोमट पाण्याने विसळीत आणि म्हणत, "याच्या अंगात असतं ते. एखादे दिवशी चमचा ठेवायला विसरले तरी हा आठवण ठेवतो."

प्रभाकरांनी कुंडा घरात आणला. आता त्यात खरोखरच काही उरले नव्हते.

ते वासंतीबाईंकडे गेले. त्यांच्याकडे तरी असेल, असे त्यांना वाटले होते.

"माझ्याकडे कुठलं हो?" वासंतीबाई म्हणाल्या. "तुमच्याकडूनच तर न्यायची मी. माझ्या घरात विरजण चार दिवस टिकत नाही, पोरं वाडगा चाटून ठेवतात. मंदाकिनीताई म्हणायच्या, वासंती, तू दही लावतेस की मांजर पाळतेस?" त्या हसल्या आणि लगेच हसू आवरले. "ताई गेल्यापासून हलवायाकडचंच आणते. तुमच्याकडे कशी मागायला येणार, असं वाटतं."

"यायचं होतंत," प्रभाकर म्हणाले.

त्यांनी हलवायाकडून दही आणले आणि या वेळी शिस्त सोडली नाही. एका वाडग्यात रतिबाचे दूध, दुसऱ्यात दुकानातले; दोन्हींत तेच विरजण, ऊबही तीच. सकाळी दुकानातल्या दुधाचे घट्ट दही झाले होते. रतिबाचे दूध वाहत होते. म्हणजे दोष कुंड्याचा नव्हता, विरजणाचाही नव्हता. दुधात असे काही होते, की ज्याच्यापुढे विरजण जगत नव्हते.

रतीब सगुणाबाईंचा होता. ठाण्याजवळच्या बाळकुम गावच्या या आगरी बाई वर्षानुवर्षे टिपणिसांच्या चरई भागात दूध घालीत. त्या सकाळी दारात आल्या तेव्हा प्रभाकरांनी पातेले पुढे केले नाही.

"सगुणाबाई, तुमच्या दुधाचं दही लागत नाही."

सगुणाबाईंनी चरवी कमरेवरून उतरवली. "पानी घातलंय असं बोलाचं आसंल तं सरल बोला, साहेब. वाकरं नको."

"पाणी नाही हो. पाण्याने दही पातळ होईल, पण लागेल. हे लागतच नाही."

"मंग तुमचा हात आसंल. बाप्याच्या हातान दही लागतंय कं कवा?"

"मार्गशीर्षापासून लागत होतं," प्रभाकर म्हणाले. "म्हशीला काही औषध दिलंत का?"

सगुणाबाईंचा आवाज खाली आला. "दगरी झायली तिला. कास लाकरासारकी. दुधात गाठी येतात. माजा दीर पंढरी मुंबैला तबेल्यान हाय, त्यानी नल्या आनल्या. सडात घालाच्या. पेनशिली बोलतात तिला."

ते नाव प्रभाकरांना चांगलेच ठाऊक होते. त्या औषधाच्या रिकाम्या कुप्या मार्गशीर्षात त्यांनी स्वतः टोपलीत भरून बाहेर नेल्या होत्या.

"पयली नली घातली तवा दोन दिसान बरी झायली," सगुणाबाई सांगत होत्या. "मंग परत. मंग परत. आता चारी सडान घालतंव, तरी तशीच."

"औषधाचं दूध विकू नका, असं पंढरी म्हणाला नाही?"

"बोल्ला. पयलं घरान ठेवाची मी, आमीच खावाचू. आता तं रोजच नली हाय. रोज घरान ठेवलं तं रतीब कशाचा घालू?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरेच विचारीत होत्या. प्रभाकरांनी त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितले, की ते औषध जंतू मारते, आणि दही लावणारेही जंतूच असतात. औषधाला चांगलावाईट भेद कळत नाही. शिवाय असे थोडे थोडे औषध पोटात जाणे माणसालाही बरे नव्हे. सगुणाबाईंनी सगळे ऐकून घेतले. चरवी उचलताना त्या म्हणाल्या, "बाय आसती तं मना आदी इचारलं आसतं, म्हस कशी हाय."

पुढच्या रविवारी प्रभाकर कल्याणला गेले. मंदाकिनीबाईंचा धाकटा भाऊ मधू तिथल्या जुन्या घरात राहत होता. येण्याचे कारण ऐकून त्याने वर्तमानपत्र खाली ठेवले.

"भावोजी, दह्यासाठी आलात? खरंच?"

"विरजणासाठी."

"आई गेली तेव्हाच सुतकात गाडगी फोडली सगळी. आता आमच्याकडे दही विकतचं. हिला वेळ कुठे आहे रोज लावायला?" मग मेहुण्याचा चेहरा पाहून तो थोडा पुढे सरकला. "पण ताईनं ते तुमच्या दूधवालीला दिलं होतं ना? बाळकुमच्या? तिच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा. इथे येऊन तासभर तेच सांगत होती. मी बाळकुमला गेले, म्हशीनं माझ्या पदराला तोंड लावलं, आणि काय काय."

प्रभाकरांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी तसे म्हटले नाही. मधूने जेवून जाण्याचा आग्रह केला. "आता ताई नाही म्हणून येणं सोडू नका," असेही म्हणाला. प्रभाकरांनी मान हलवली. या घरातही आपण आता फक्त दह्याचे निमित्त काढूनच येऊ शकतो, हे त्यांना पायऱ्या उतरताना जाणवले.

परतल्यावर ते घरी थांबले नाहीत. टांगा करून बाळकुमकडे निघाले. आग्रा रस्ता सोडून आत वळेपर्यंत ऊन कलले. खाडीकडच्या मिठागरांवर मिठाचे ढीग गवताने शाकारून ठेवले होते. सगुणाबाईंचे घर विचारावे लागले नाही. म्हैस अंगणातच बांधलेली होती. तिच्या मागच्या पायांमध्ये कास ताणून फुगली होती, आणि ती एक पाय सारखा उचलीत होती.

"साहेब, तुमी?" सगुणाबाई बाहेर आल्या. "म्हस बगाला आलं? बगा. तुमी शिकलेलं, कायतरी सांगा."

प्रभाकरांनी कासेला हात लावला. कास गरम होती.  पडवीत डॉक्टरांनी उच्चारलेले वाक्य तेवढे त्यांच्याजवळ होते, आणि ते त्यांनी उच्चारले नाही. "ठाण्याला गुरांचा सरकारी दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांना आणा. घरी नळ्या घालणं बंद करा," ते म्हणाले.

मग त्यांनी विरजणाचे विचारले. सगुणाबाईंनी घरात बोलावून शिंक्याकडे बोट दाखवले. गाडग्यात दही होते; पांढरे, घट्ट, चिरले तर सुरीची रेघ राहील असे.

"हे बायनी दिलेलंच. नातू झायला तवा आनलं. बोलल्या, सगुणा, यो कवा तोडू नको."

"आणि औषधाच्या दुधातही हे लागतं?"

"पयलं कुठं लागत व्हतं? नुसतं पानी. पन मी टाकलं नाय. तेच पानी उद्याच्या दुधान, मंग परवाच्या. आर्धं लागाला लागलं. आता बगा, नलीचं दूध आसू दे नाय तं बिननलीचं, दगर होतं."

प्रभाकर दह्याकडे पाहत राहिले. औषध अधूनमधून, थोडे थोडे आले होते. त्यात बहुतेक जंतू मेले असतील. जे थोडे टिकले त्यांचीच पुढे वाढ झाली, आणि आता ते औषधाला जुमानत नव्हते. कल्याणच्या चुलीपासून चालत आलेली साखळी इथे, त्यांना नकळत, तुटायची राहिली होती. 

"दूध तापवून विरजता ना?"

"तापवाचं कशाला? सडातून काढलं कं गरमच आसतंय."

प्रभाकर खाली बसले. बाहेर म्हैस पुन्हा पाय आपटीत होती. न तापवलेले दूध; म्हणजे कासेतले जे काही होते ते त्या गाडग्यात उतरत होते. दही लावणारे जंतू औषधाला सरावले, त्याच दुधात, त्याच नळ्यांनी, पू करणारेही सरावले होते. तसलेच जंतू मंदाकिनीबाईंच्या मानेवरच्या गळवात होते. गाडग्यात दोघेही एकत्र नांदत होते, आणि एकाला मारील असे जे जे प्रभाकरांना ठाऊक होते, ते दुसऱ्यालाही मारणारे होते. उकळले तर दोन्ही जाणार. औषधाला तर दोन्ही दाद देत नव्हते.

"मला यातलं वाटीभर द्याल?" त्यांनी तरीही विचारले.

सगुणाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिले. तिथे सुनेने नुकताच दिवा लावला होता.

"दिवा लागला, साहेब. आता विरजन नाय देवाचं."

"सगुणाबाई, मी ठाण्याहून आलो आहे."

"बायनीच सांगलंय. दिवा लागला कं विरजन घराबाहेर काडाचं नाय. त्या आसत्या तं त्यांनाही दिलं नसतं मी." मग त्या नरमल्या. "उद्या सकालची घेऊन येतंय. तुमी जा, कालोख होल."

निघताना प्रभाकरांनी नातवाला दूध तापवून देण्याचे आणि दहीही तापवलेल्या दुधाचेच लावण्याचे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. नाक्यापर्यंत ते चालत आले. मंदाकिनीबाईंचा नियम त्यांना आज प्रथमच दुसऱ्याच्या तोंडून, पाळलेला, ऐकू आला होता. तो ऐकायला त्या असायला हव्या होत्या, असे त्यांना वाटत राहिले.

सगुणाबाई सकाळी खरोखर आल्या. लोट्यात विरजण होते, वर केळीचे पान बांधलेले. दूध त्यांनी आणले नव्हते.

प्रभाकरांनी मग जे केले ते त्यांच्या शिक्षणाला साजेसे होते. दुकानातले दूध उकळून, निववून, लोट्यातल्या दह्याच्या मधोमध चमचा बुडवून अगदी त्याच्या टोकाएवढा अंश त्यात घातला. लागलेले दही पूर्ण आंबू दिले, त्यातला तेवढाच अंश पुन्हा उकळलेल्या दुधात घातला, आणि उरलेले सगळे उकळून मोरीत ओतले. हेच रोज. आंबट दह्यात पू करणारे जंतू धड वाढत नाहीत. प्रत्येक फेरीत ते थोडे मागे पडतील, दही लावणारे पुढे जातील, असा हिशेब होता. हिशेब योग्य होता. तो कधी पूर्ण झाला हे ओळखायला मात्र सूक्ष्मदर्शक हवा होता, प्रयोगशाळा हवी होती, आणि हे सगळे कशासाठी असे कोणी विचारले तर द्यायला उत्तर हवे होते. त्यांपैकी काहीच प्रभाकरांपाशी नव्हते.

दही कुंड्यात पुन्हा लागू लागले. त्याची चव पूर्वीची नव्हती. थोडी तीव्र होती, जिभेच्या कडेला झोंबणारी. कदाचित ते मंदाकिनीबाईंचे नव्हतेच. कोणते टिकले आणि कोणते वाटेत नवे शिरले, हे कोण सांगणार? ते रोज एक चमचा खात आणि खोकत.

सगुणाबाईंची म्हैस वाचली. मागचे दोन सड आटले. "आर्धी म्हस ऱ्हायली," असे त्या येता-जाता सांगत, आणि उरलेल्या अर्ध्या म्हशीचे दूध दुसऱ्या आळीत घालीत.

श्रावणात एका दुपारी दारावर थाप पडली. वासंतीबाई होत्या, हातात रिकामी वाटी.

"भाऊजी, सगुणा म्हणत होती, ताईंचं विरजण परत आलं. म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात, यायचं होतंत, म्हणून आले. उद्या सोमवार सोडायला दहीभात करीन. डबा पाठवीन तुम्हालाही."

त्यांच्यामागे धाकटी दोन मुले पायरीवर भांडत होती. एकाच्या गुडघ्यावर खरचटून खपली धरली होती.

प्रभाकरांनी त्या खपलीकडे पाहिले. खरे सांगणे सोपे होते. खरे सांगितले असते तर वासंतीबाई पूर्वीसारखेच म्हणाल्या असत्या, टाकून द्या. आणि या वेळी त्यांचे म्हणणे बरोबर ठरले असते.

"एक मिनिट थांबा, वहिनी," ते म्हणाले.

ते आत गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ऊन पडले होते, कुंड्याच्या काठाशी टेकलेले. प्रभाकरांना खोटे बोलता येत नसे. कारखान्यातही त्यांनी बिघडलेला घाणा कधी चांगला म्हणून पुढे पाठवला नव्हता. त्यांनी निरांजनात वात घातली, तूप घातले, आणि देवापुढे दिवा लावला. ज्योत उन्हात दिसतही नव्हती. मग ते दाराशी आले.

"दिवा लागला आहे," ते म्हणाले. "आता देता येणार नाही."

वासंतीबाईंनी त्यांच्या खांद्यावरून आत, देव्हाऱ्याकडे, पाहिले. मग अंगणातल्या लख्ख उन्हाकडे पाहिले.  वाटी त्यांनी पदराखाली घेतली, मुलांना हाक मारली आणि हळूहळू पायऱ्या उतरल्या.

त्या दिवसापासून टिपणिसांच्या घरात दुपारची जेवणे आटोपली की दिवा लागू लागला.